बोळाच्या तोंडाशी

पुंजारामच्या घराला दोन दारं होती, पण मागच्या दाराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. यात नवल काही नाही. नव्या कोठड्यांतल्या कुठल्याच बाप्यानं तो ओलांडला नव्हता.

शहरात प्लेगानं थैमान घातलं तेव्हा सरकारनं कोटाच्या आतली माणसं माळावर काढली आणि साथ ओसरल्यावर त्यांच्यासाठी दगडमातीच्या दोन लांबलचक रांगा बांधून दिल्या. त्यांनाच लोक नव्या कोठड्या म्हणत. आता त्या जुन्या झाल्या, भिंतींचे पोपडे सुटले, तरी नाव नवंच राहिलं. रांगा एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या. मधे दोन माणसं अंग चोरून जातील एवढा बोळ, आणि बोळाच्या मध्यावर नहरीच्या पाण्याचा हौद. बाप्यांची वहिवाट पुढच्या दारानं, बायकांची मागच्या. असा कायदा कुणी दवंडी पिटून सांगितला नव्हता, पण पैठण दरवाज्याच्या कमानीपेक्षा तो पक्का होता. गवंड्याला, भंगीकाम करणाऱ्याला, कुणालाही बोळात शिरायचं झालं तर त्यानं तोंडाशी उभं राहून "गोषा करा होऽऽ" अशी हाळी द्यायची, दारं लागल्याचे आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग खाली मान घालून जायचं. गोषा, म्हणजे पडदा, मुसलमानांच्या बायकांना. पण एकीनं आत व्हायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहायचं हे बरं दिसत नाही म्हणून हिंदूंच्या बायकाही धुणं तसंच टाकून आत व्हायच्या. शेजारधर्म म्हणतात तो असा.

पुंजाराम हिमरूचं कापड विणायचा. दिवसभर माग, आणि संध्याकाळी कोठड्यांच्या टोकाला असलेल्या विठोबाच्या देवळात वीणा. गळ्यात वीणा घेतली की हा माणूस जगाला विसरायचा. कुणाला दुखवायचं नाही, कुणाचं लुबाडायचं नाही, आणि कीर्तनाला हाक आली की जेवणाचं ताट सोडून उठायचं, एवढंच त्याचं शास्त्र. माणूस म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण देव माणसाला दोनच डोळे देतो, आणि तेही समोर.

त्याच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या मागच्या रांगेतली नजमा भरायची. ऐन तारुण्यात नवरा तापानं गेला, सासू अंथरुणाला खिळलेली. दीर मुबारक पिशोरला होता. तो दर ईदला यायचा आणि म्हणायचा, भाभी, चला घरी, दोघींना ठेवतो. ठेवतो म्हणजे काय ते नजमाला ठाऊक होतं. त्याच्या घरी आधीच दोन बायका, त्यांची पोरं, आणि गोठा. तिथं गेली की जन्माची मोलकरीण, वर उपकाराचं ओझं. म्हणून ती कांड्या भरायची. लड्या बोळातून यायच्या, कांड्या बोळातून जायच्या. पुंजारामची बायको वच्छलाबाई नेआण करायची. नजमानं भरलेली कांडी धोट्यात कधी अडकली नाही, की सूत तुटलं नाही. पुंजारामला तिच्या हाताची अशी ओळख होती. तोंडाची नाही, आवाजाचीही नाही.

त्या सालच्या श्रावणात घरांचं काम पाहणाऱ्या कचेरीतून मोहियोद्दीन पेशकार आला. सडसडीत, वयस्कर, बोलण्यात आदब. आधी न विचारता बांधकामं झाली आणि पुढं लोकांच्या तक्रारींना अंत राहिला नाही, म्हणून नवे हाकीम म्हणत होते की यापुढं जे राहतात त्यांचं म्हणणं आधी ऐकायचं, मग फावडं उचलायचं. कचेरीनं योजलं होतं ते असं: मधला बोळ बंद करायचा, दोन्ही रांगांच्या मागच्या खोल्या तेवढ्या वाढवायच्या, मागची दारं बुजवून तिथं एकच पक्की भिंत घालायची, आणि हौद पुढच्या चौकात निंबाखाली आणायचा. बोळात घाण साचते, चोर लपतात, असं कचेरीचं म्हणणं. पेशकारानं पुंजारामला बोलावून सांगितलं, बाबा, तुझ्यावर लोकांचा भरवसा दिसतो. "हर एक का कहना सुनना है मेरे कू. एक बी छूटना नक्को."

पुंजारामच्या डोळ्यांपुढं दुसरा माग उभा राहिला. किती वर्षं तो जागेवाचून अडला होता. तरी त्यानं स्वतःचं आधी म्हटलं नाही. तो मागावरून उठून दारोदार फिरला, पुढच्या दारानं. शफीक जोडेवाल्याला चामडं ठेवायला जागा हवी होती. कुणाला पोराचं लग्न करायचं होतं, कुणाला पाटी-पेटी ठेवायला कोपरा. नको म्हणणारा एकही भेटला नाही. नजमाच्या पुढच्या दाराशीही तो उभा राहिला, पण घरात बाप्या नाही, हाक कुणाला मारणार? दोनदा खाकरून तो पुढं गेला. कोठड्यांचे चौधरी आप्पासाहेब म्हणाले की त्या घराचं आम्ही पंच बघू, बिनबाप्याच्या घराचं पंचांनीच बोलायचं असतं. आणि असं एकेक दार कशाला पुजत बसतोस, परवा काल्याचं कीर्तन आहे, सगळी वस्ती एका जागी बसेल, तिथंच विचार. पुंजारामला हे फार आवडलं. देवाच्या दारात विचारलेलं कधी खोटं व्हायचं नाही, असा त्याचा भाव.

काल्याला लासूर स्टेशनचे बुवा सकाळच्या गाडीनं आले. काय रंगलं म्हणून सांगावं ते कीर्तन. गोपाळांनी आपापली शिदोरी आणली, कुणाच्या कण्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचं नुसतं मीठ. देवानं सगळं एका कांबळ्यावर ओतलं आणि मिसळून खाल्लं. बुवा म्हणाले, त्यात जो मीठ घेऊन आला तो लाजून मागं बसला होता, तर देव उठून त्याच्यापाशी गेला. गेला की नाही? तर सभा म्हणाली, गेला. पुंजारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या गेल्या, आणि त्याच भरात तो वीणेसह उभा राहिला. त्यानं सरकारचं म्हणणं सभेला सांगितलं. बोळ जाईल, खोल्या वाढतील, हौद चौकात येईल. मायबाप हो, कुणाचं काही वेगळं असेल तर आत्ताच बोला.

बाप्यांतून होकार आला. बायका खांबांच्या मागं बसल्या होत्या, पदर पुढं ओढून. कीर्तनात बाई गाते, रडते, नमस्कार करते. सभेत बोलत मात्र नाही. तेवढ्यात मृदंगावर थाप पडली आणि विठ्ठलनामाचा असा गजर उठला की कबुतरं उडाली. पेशकार बाहेर जोडे काढतात तिथं उभा होता. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांचं एक तोंड. तोही भारावला. म्हणाला, असा एकमुखी होकार मी दुसऱ्या कुठल्या वस्तीत पाहिला नाही.

घरी आल्यावर वच्छलाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, पण जरा आपटून. तो लाह्यांची पुडी सोडत होता. तिनं विचारलं की नजमा होती का कीर्तनात. तो म्हणाला, ती कशी येईल, गोषाची बाई. मग वरच्या टोकाची आवडाबाई होती का? तिचे पाय गेलेत, ती मागच्या उंबऱ्यावर बसून असते, हेही तिनंच सांगितलं. पुंजारामनं लाह्यांची पुडी खाली ठेवली.

"अन् मी व्हते," वच्छलाबाई म्हणाली. "मला इचारलं का तुमी?"

"सगळ्यांनाच इचारलं की. तू बोलायचंस."

"कुठं बोलू? खांबाला?"

मग ती खाली बसली आणि तिनं सांगितलं. ओरडून नाही, भाजी निवडत निवडत. बोळात काय असतं ते तिनं पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं. आवडाबाईला दोन वेळा कोण जेवू घालतं. कुणाच्या घरी मारहाण झाली की बाई कुणाच्या मागच्या दारानं शिरते. बाळंतीण अडली तर सुईण कुठून येते, आणि पुढच्या ओट्यावर बसलेल्या बाप्यांना पोर रडेपर्यंत पत्ताही नसतो. हौद चौकात गेला तर नजमा निंबाखाली, पत्ते कुटणाऱ्या बाप्यांसमोर, पाणी भरायला जाणार नाही. लड्या येणार नाहीत, कांड्या जाणार नाहीत. महिन्याभरात मुबारक गाडी जुंपून येईल.

"त्या दारावर ती जगतीय," ती म्हणाली. "तुमी माग वाढवा. पण तिला इचारून वाढवा."

पुंजारामला जेवण गेलं नाही. विठोबानं आपल्या गळ्यात वीणा दिली आणि आपण अर्ध्या वस्तीचा आवाज ऐकलाच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला आणि हात जोडून पेशकाराला म्हणाला की साहेब, माझं चुकलं, बायकांचं राहिलं. पेशकार रागावला नाही. हाकिमांकडं वर जायचा कागद अजून गेला नव्हता. तो म्हणाला की मी स्वतः बोळात येतो, बायांनी दाराआडून बोलावं, मी खाली मान घालून ऐकेन. माझ्याही घरी गोषा आहे. फक्त लवकर व्हायला हवं.

वच्छलाबाईनं मागच्या मागं सगळं जमवून आणलं. दुपारच्या, जुहरच्या नमाजानंतर पेशकार येईल, तेव्हा बायकांनी रोजच्यासारखं बोळातच राहायचं, म्हणजे त्याला दिसेल बोळ काय आहे ते. गोषाच्या बायांसाठी हौदाच्या कडेनं लुगडी बांधून आडोसा केला. नजमानं दार बोटभर उघडं ठेवून बोलायचं ठरवलं. काय बोलायचं ते तिनं सासूपुढं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं, असं वच्छलाबाई सांगत होती. नवऱ्याला तिनं एवढंच बजावलं, त्यांना एकट्याला आणा, गर्दी नको.

पण अशी गोष्ट वस्तीत लपते थोडीच. पेशकार आला तेव्हा चौकात आप्पासाहेब पागोटं घालून हजर, आणि बरोबर चार पंच. पुंजारामला पाहून ते म्हणाले, "काय रे, वीणा सोडून आता बायकोच्या पदराला धरून चालतो म्हणं?" बाकीचे हसले. पुंजारामनं विनवलं की साहेबांना एकट्याला जाऊ द्या. आप्पासाहेब म्हणाले, परका माणूस आमच्या बायकांच्या बोळात जाणार आणि आम्ही पंचांनी इथं बसून राहायचं? इज्जत कुणाची आहे? पेशकारानं हातानंच चला म्हटलं. सगळे मिळून बोळाच्या तोंडाशी आले.

आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. घागर दगडावर टेकल्याचा आवाज, कुणीतरी हसलेलं, पाटा-वरवंटा. पुंजाराम सगळ्यांच्या पुढं होता. बोळाच्या तोंडाशी पाय थबकला, आणि जन्मभराच्या वळणानं, विचार मनात यायच्या आधी, त्यानं मान खाली घातली आणि हाळी दिली.

"गोषा करा होऽऽ"

आत एकदम शांतता झाली. मग दारं लागू लागली. एक, पाठोपाठ दुसरं, पुढं एकात एक मिसळून. लुगडी ओढून घेतल्याची सळसळ, घागरी उचलल्याचा खणखणाट. हाळी इतक्या वर्षांची होती. तिच्यापुढं कालचं ठरलेलं काय टिकणार? पुंजाराम भानावर आला तेव्हा शेवटची कडी लागली होती.

बोळ रिकामा पडला होता. ऊन हौदावर आलं होतं, ओल्या दगडांवर पावलांच्या खुणा सुकत होत्या. पेशकार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, मागं पंच, त्यांच्या जोड्यांचा करकर आवाज. एका दाराशी तो थांबला, ते नेमकं नजमाचंच होतं, आणि तोंड फिरवून अदबीनं म्हणाला, बीबी, काही सांगायचंय का? आतून म्हातारीचा खोकला आला. एवढे बाप्ये दाराशी उभे असताना कुठल्या तोंडानं बोलणार होती ती? बोलली असती तर संध्याकाळपर्यंत चौकात तिच्या आवाजाची चर्चा झाली असती. बोटभर उघडं ठेवलेलं दार केव्हाच मिटलं होतं.

आप्पासाहेब म्हणाले, बघा साहेब, भरदिवसा इथं चिटपाखरू नाही. चोराला हीच तर जागा लागते.

"साहेब, त्या हायेत," पुंजाराम म्हणाला. "आत हायेत. मी हाळी दिली म्हणून गेल्या."

"तो फिर बुलाव."

पुंजारामनं तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की त्याला शब्द ठाऊक नाही. आत व्हायची हाळी होती. बाहेर या, असं बाप्यानं बोळात उभं राहून म्हणायची हाळी कुणी कधी केलीच नव्हती. शेवटी त्यानं वच्छलाबाईला हाक मारली. आपल्याच घराच्या मागच्या दाराला, बाहेरून, पहिल्यांदा. दार कुठलं ते त्याला ओळखता येईना. भलत्याच दारापुढं उभा राहून तो हाका मारत होता आणि पंच हसत होते. वच्छलाबाई आपल्या दाराआडून ऐकत होती. सगळ्या आत गेलेल्या, सासरच्या वस्तीतले थोर लोक बाहेर उभे. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली, पण कडी काही निघाली नाही.

पेशकार बराच वेळ थांबला, ही गोष्ट खरी. त्याच्या मनात पाप नव्हतं. जाताना तो पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मैं तो सुनने कू आया था, भाई. सुनाने वाला कोई तो होना ना."

दिवाळी झाल्यावर गवंडी आले. बोळ गेला. पुंजारामनं कचेरीला दोनदा खेपा घातल्या, पण कागद वर गेला होता, आणि वर गेलेला कागद काही पुंजारामच्या पायांनी खाली येत नसतो. भिंत नजमाच्या दारापाशी आली तेव्हा वच्छलाबाई पुढच्या दारानं, डोईवर पदर घेऊन, चौकातून चालत तिच्याकडं गेली. आता पुढच्याच दारानं जायचं होतं. कांड्या मी चौकातून नेत जाईन, ती म्हणाली. नेल्याही काही दिवस. पण चौकातले लोक विचारू लागले, काय हो, विधवेच्या घरी रोज काय काम? पाण्यासाठी नजमा दिवेलागणीनंतर बुरखा घालून बाहेर पडायची, तर निंबाखाली कुणीतरी मुद्दाम शीळ घालायचं. लोक वाईट होते असं नाही. लोकांना एवढं जवळून बघायला मिळालं नव्हतं, इतकंच.

माघात मुबारक गाडी घेऊन आला. म्हातारीला गोधडीसकट उचलून ठेवलं. नजमा गाडीच्या मागच्या बाजूला पाठमोरी बसली. पुंजाराम ओट्यावर उभा होता. रामराम घालावा की सलाम करावा हे त्याला ठरवता येईना, आणि तेवढ्यात गाडी हर्सूलच्या वाटेला लागलीसुद्धा. दुसऱ्या मागाचा खड्डा त्यानं खणून ठेवला होता. त्यावर माग बसवायला त्याचे हात चालेनात. देवळात तो वीणा धरायचा, पण गजर चढला की त्याचा आवाज खाली यायचा. बुवांनी विचारलं तर म्हणायचा, घसा बसलाय.

वर्ष उलटलं आणि मोहियोद्दीन पेशकार पुन्हा आला. हाकिमांना जाणून घ्यायचं होतं की काम झाल्यावर राहणारे खूश आहेत का. या वेळी तो खुर्ची टाकून चौकातच बसला, आप्पासाहेब शेजारी. एकेक बाप्या यायचा आणि घराचं म्हणणं सांगून जायचा. शफीक म्हणाला, छान झालं. लग्न झालेल्या पोराचा बाप म्हणाला, लई बेस. नजमाच्या कोठडीत आता कापडदुकानातला एक सडा कारकून राहत होता. तो म्हणाला, भिंत मजबूत आहे, काही त्रास नाही. पेशकाराचा चेहरा खुलत गेला.

पुंजाराम म्हणाला, "साहेब, जिला इचारायला पायजे ती हितं नाय. पिशोरला हाय."

पेशकाराला आठवायला वेळ लागला. आठवल्यावर तो हळू आवाजात म्हणाला की जे राहतात त्यांनाच विचारायचा हुकूम आहे. जो सोडून गेला तो इथला राहिला नाही. आणि पिशोर पडलं कन्नडात. तिथलं काम दुसऱ्याकडं.

तेव्हा पुंजारामच्या पाठीमागून उंबरा ओलांडून वच्छलाबाई बाहेर आली. पदर डोईवर होता, पण तोंडावर नव्हता. चौकातले पत्ते थांबले.

"मी ऱ्हाते हितं," ती म्हणाली. "माझं लिव्हा. मला ही भिंत नको व्हती, अन् आजबी नको."

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. पेशकार तिच्याकडं न बघता पुंजारामकडं बघू लागला. तो घरचा बाप्या. त्यानं बायकोला आत धाडावं किंवा निदान तिचं बोलणं आपल्या तोंडानं सांगावं, याची सगळा चौक वाट पाहत होता. शेवटी पेशकारानंच त्याला विचारलं, हे तुमचं म्हणणं समजायचं ना? घरागणिक एकच म्हणणं घ्यायची रीत आहे.

"मंग माझं घेऊ नका," पुंजाराम म्हणाला. "हिचं घ्या." आणि तो ओट्यावरून खाली उतरून बाजूला, उन्हात जाऊन उभा राहिला.

पेशकारानं टाक दौतीत बुडवला. मग म्हणाला, बोलिए, बाई.

वच्छलाबाई बोलू लागली. आवडाबाईचं जेवण, हौदाची वेळ, बाळंतिणी. ती थांबली नाही. शेवटी तिनं पिशोरच्या वाटेकडं हात केला आणि म्हणाली, नजमाचं काय झालं ते... आणि तिथं ती अडली. नजमाला तिकडं कसं ठेवलंय, ती काय खाते, कुणाचं ऐकते, हे तिला ठाऊक नव्हतं. माघापासून एक निरोप आला नव्हता. पेशकार वाट पाहत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चौकात सगळे बाप्ये गप्प बसून एका बाईचं ऐकत होते, आणि तिच्यापाशी सांगायला पुढचं काही नव्हतं.

"ते तिचं तिनंच सांगायचं व्हतं," वच्छलाबाई म्हणाली, आणि घरात गेली.